सेकंदकाकूंची सुपली

सेकंदकाकूंना घरात कोणी "पाच मिनिटांत आलो" असं सांगत नाही. सांगितलं, की सहाव्या मिनिटाला बाई घड्याळ घेऊन दारात उभी. नवरा बत्तीस वर्षं नुसतं "येतो" म्हणतो आणि सटकतो.

ऑफिसात त्या बसगाड्यांचं वेळापत्रक लावायच्या. चारशे बारा गाड्या. कुठली कधी सुटणार, कुठला ड्रायव्हर कुठे जेवणार, सगळं त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम रोज दुपारी चव्वेचाळीस मिनिटांत जुळवून द्यायचा. आता माणसाने लिहिलेलं यंत्राच्या डोक्यात शिरत नाही; मध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. जितका दुभाष्या तरबेज, तितकं यंत्र जोरात पळतं. काकूंचा कंपायलर फुकटातला. ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी मिळून बांधलेला, कोणीही आत डोकावून बघावं असा. बारा वर्षं काकूंनी तो पोटच्या पोरासारखा सांभाळला होता.

एक दिवस साहेबांकडे टायवाला आला. विकतच्या कंपायलरचा विक्रेता. त्याच्या डब्याला मात्र कुलूप. आत काय आहे ते विचारायचं नाही.

"काकू, यांचा चौपट पळतो म्हणे," साहेब म्हणाले. "शुक्रवारी शर्यत लावू. यांचा जिंकला तर यांचाच माणूस इथे बसेल. तुम्हाला तळमजल्यावर हरवलेल्या सामानाची खिडकी देऊ. निवांत जागा आहे."

निवांत कसली, नुसत्या छत्र्या आणि एकेकटे बूट! काकू एवढंच म्हणाल्या, "बघू की."

शुक्रवारी खोलीत ही गर्दी. गाड्या सोडणारा कंट्रोलर तर हातातलं काम टाकून पुढे बसलेला. टायवाल्याने चाचणीचा प्रोग्रॅम स्वतःच आणला होता, अब्जावधी गुणाकारांचा. काकूंच्या कंपायलरने तो यंत्राच्या भाषेत उतरवला, यंत्राने अकरा सेकंद घेतले. मग टायवाल्याची पाळी. बटण दाबलं न दाबलं तोच संपलं!

"काकू, छत्र्या मोजायला घ्या!" कंट्रोलर ओरडला. सगळे खो खो हसले.

काकू हसल्या नाहीत. हा वेग त्यांच्या ओळखीचा होता. नवऱ्याला कपाटावरची धूळ पुसायला सांगितली, की तो आत जायचा आणि लगेच बाहेर. "झालं!" तिथे वर चढून बघतंय कोण? शेवटी काकूंनी नियम केला, काढलेली धूळ सुपलीत आणून दाखवायची. त्या दिवशी त्याच कपाटाला पाऊण तास लागला.

"उत्तर काय आलं?" काकूंनी विचारलं.

"कसलं उत्तर?" टायवाला म्हणाला.

"एवढे गुणाकार केलेत ना? धूळ दाखवा की."

प्रोग्रॅममध्ये उत्तर छापायची ओळच नव्हती. कुलूपवाल्या कंपायलरने ते ताडलं, कोणी विचारणारच नाही तर राबायचं कशाला, आणि सगळं काम गाळून टाकलं. एरवी फुकटवालाही असं करतो, पण या खेपेला त्याची तेवढी खात्री पटली नव्हती. तो बिचारा राबत बसला.

"ही लबाडी नाही काकू, हुशारी आहे," टायवाल्याने घाम पुसला.

"हुशारीच! माझ्या घरी एक आहे ना तसा."

काकूंनी उत्तर छापायची ओळ घातली. त्यांचे अकरा, टायवाल्याचे दहा.

इथे थांबल्या असत्या तर निभावलं असतं. पण काकूच म्हणाल्या, "आता खरं काम लावा." वेळापत्रक लावलं. काकूंची चव्वेचाळीस मिनिटं, टायवाल्याची एक्केचाळीस. काकूंनी स्वतःच्या हाताने फळ्यावर आकडे लिहिले.

"अहो, घड्याळ चुकलं म्हणायचं!" कंट्रोलर कुजबुजला.

"माझं घड्याळ? वाट बघ."

साहेब घसा खाकरून म्हणाले, "मग काकू, खिडकी..."

"अर्धा तास द्या." काकूंच्या डोक्यातून सुपली जात नव्हती. आपल्याकडे असं कोणतं काम रोज होतं, ज्याची धूळ कोणी बघत नाही? त्यांनी रोजच्या वेळापत्रकाचा छापील गठ्ठा उपसला. शेवटी एक जाडजूड तक्ता निघाला: नदीपलीकडचा डेपो चालू ठेवला तर गाड्या कशा धावतील. तो डेपो बंद पडून सहा वर्षं झालेली. तरी तक्ता रोज छापून येत होता. आणि जे छापायचं ते कुठलाच कंपायलर गाळत नाही, फुकटचा नाही नि विकतचाही नाही.

"लिहिला मीच," काकू म्हणाल्या. "गाढवासारखा ठेवला पण मीच. मागवला कोणी ते बघा."

कंट्रोलरने फायलीतला हुकूम मोठ्याने वाचला. "रोज माझ्या टेबलावर हवा. खाली सही... साहेब, ही तर तुमची!"

साहेबांना एकदम खिडकीबाहेरचं झाड आवडायला लागलं.

काकूंनी तक्ता काढून टाकला. फुकटवाला अठ्ठावीस मिनिटांवर आला, विकतवाला सव्वीसवर.

"दोन मिनिटांसाठी कशाला एवढी उठाठेव," साहेब झाडाकडे बघतच म्हणाले. "बसा काकू आपल्या जागेवर."

संध्याकाळी काकूंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कान देऊन ऐकत होता, छाती हळूहळू फुगत होती.

"म्हणजे तुझी खुर्ची माझ्या आळसाने वाचवली म्हण की!"

"वाचवली हो. म्हणूनच म्हणते, उठा." काकूंनी कपाटाकडे बोट केलं. "सुपली दाराच्या मागे आहे."