चौदाचं रीडिंग

माझी धाकटी नणंद चिडत नाही. तिच्या वाटचंही मलाच चिडावं लागतं. माझं तोंड मुळातच तिखट, त्यामुळे आमचे हे म्हणतात, घरात दोघींचा राग एकाच तोंडातून बाहेर पडतो. पडू दे! कुठूनतरी पडायला नको का?

घरात तिला छोटी म्हणतात. पन्नाशीला आली तरी छोटीच. वर माडीवर ती राहते, खाली आमचं हार्डवेअरचं दुकान. शाळेला जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजात ती अकरावीला केमिस्ट्री शिकवते. शिकवायची, असं म्हणायला हवं आता.

दरवर्षी मोलचा धडा आला, की स्वारी काउंटरसमोर हजर. "वहिनी, थोडे वॉशर दे गं, आणि थोडे बोल्ट. परत आणते." आणायची, पण कधी पुरते नाहीत. मी कटकट करायची, ती हसायची. म्हणायची, "तू दिवसभर मोलच तर शिकवतेस इथे." आणि खरंच होतं ते. गिऱ्हाइकानं ढीगभर स्क्रू मागितले तर आम्ही काय एकेक मोजत बसतो? थोडे मोजायचे, त्यांचं वजन बघायचं, मग त्या हिशेबानं बाकीचे काट्यावर ओतायचे. अणू तर इतके बारीक, की मोजायचं नावच काढायला नको. म्हणून त्यांचंही वजनच करायचं. छोटी पोरांच्या एका हातात वॉशरची पिशवी द्यायची, दुसऱ्या हातात बोल्टांची. नग दोन्हीत सारखेच, पण एक हात खाली जायचा. मग सांगायची, कार्बनचे बारा ग्रॅम घ्या नाहीतर मॅग्नेशियमचे चोवीस, आत अणू तेवढेच, सहावर तेवीस शून्यं. तेवढ्यांचा मिळून एक मोल, आणि त्याचं जे वजन ते मोलर मास. मला दुकानात उभ्या उभ्या कळलं, तर पोरांना का कळू नये?

पण नवीन प्राचार्य आले आणि म्हणाले, एका धड्याला इतके तास? त्यांनी एक नवे सर आणले. पोरं त्यांना फटाफट सर म्हणतात. फळ्यावर त्रिकोण काढायचा, वर वजन, खाली मोल आणि मोलर मास, आकडे घाला, भागा, झालं! धडा एका तासात खलास. प्राचार्य खूश. अकरावी पुढे कोणाकडे द्यायची, ते प्रॅक्टिकल परीक्षा झाली की ठरवू, असं त्यांनी छोटीच्या तोंडावर सांगितलं.

परीक्षेचं द्रावण बनवलं फटाफट सरांनी. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचे खडे. त्यांच्या पोटात पाणी असतं, अ‍ॅसिडच्या एका कणाला पाण्याचे दोन. पाण्यासकट मोलर मास एकशे सव्वीस, पाण्याशिवाय नव्वद. सरांनी नव्वद धरलं! अहो, बोल्टवर दोन नट आधीच चढवलेले, आणि हे गृहस्थ नुसत्या बोल्टचं वजन धरून मोकळे. नग कमी भरणार नाही तर काय होणार? द्रावण पातळ झालं. दुसऱ्या द्रावणाचा रंग बदलायला जिथे दहा मिलिलिटर पुरायचं, तिथे चौदा लागायला लागलं.

पोरं गोंधळली. सर टेबलांमधून फिरत हळूच म्हणाले, "दहाच्या आसपास यायला हवं हं." झालं! सगळ्यांनी दहा लिहिलं. एका मुलीनं तेवढं चौदा लिहिलं, कारण तिला चौदा आलं होतं. तिला नापास केलं. खरं लिहिलं म्हणून नापास! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

छोटीनं बाटलीवरचं लेबल वाचलं आणि प्राचार्यांकडे गेली. ते म्हणाले, "दोन पाण्यानं काय असा फरक पडतो? कशाला ताणताय?" ही बया वाद घालत बसली नाही. त्यांना प्रयोगशाळेत नेऊन त्यांच्यासमोरच एकशे सव्वीस धरून नवीन द्रावण केलं आणि त्याच मुलीच्या हाती ब्युरेट, ती आकडे कोरलेली काचेची नळी, दिली. दहा आलं. सर मान खाली घालून उभे. मुलगी पास झाली. आणि आठवड्याभरात छोटीची अकरावी गेली. तिला सातवीला शिवणकाम दिलंय. शिवणकाम! हिला सुईत दोरा ओवता येत नाही.

मी म्हटलं, थांब, असं कसं चालेल? त्या मुलीच्या वडिलांनी प्राचार्यांना जाऊन नुसतं सांगितलं, बाईंमुळे आमच्या मुलीला न्याय मिळाला, तरी त्यांना विचार करावा लागेल. पालकांचंच तर ऐकतात ते. वडील आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. परवा दुपारी आले दाराची कडी घ्यायला. छोटी तिथेच स्टुलावर बसली होती. मी विषय काढला.

ते कडी उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "ताई, खरं सांगू? तेवढं आमच्या पोरीचं नाव यात नको. आता ती सरांच्याच हाताखाली आहे. मार्क मिळाले, झालं ना आमचं."

छोटी म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

बरोबर? काय बरोबर? मी कडी त्यांच्या हातातून घेतली, फळीवर आपटली आणि म्हटलं, "दुकान बंद आहे."

भर दुपार, शटर सताड उघडं, मागे दोन गिऱ्हाइकं उभी. ते माझ्याकडे बघतच राहिले. छोटी उठली, फळीवरून कडी काढली, कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "पोरगी बरी आहे ना? अजून आलं तेच लिहिते ना?"

त्यांनी पैसे काउंटरवर ठेवले आणि सुटे न घेताच पायऱ्या उतरले.