धुतलेली माती

वडील कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना मुठीएवढी एक गारगोटी भेट मिळाली होती. तिच्यात सोन्याची बारीक शीर होती, पण वर तांबड्या मातीचं पुट बसलेलं. फर्दापूरला लेण्यांच्या वाटेवर रंगीत दगड विकणारे एक चाचा होते. त्यांच्याकडं मी ती साफ करायला दिली.

साबणाच्या पाण्यात बुडवलेला मऊ ब्रश ते दगडावरून असा फिरवायचे, की जणू तान्ह्या बाळाची टाळू धुताहेत. मी ॲसिड सुचवलं, तर हसले.

"ॲसिड दगडाच्या फटी खाईल साहेब. मग सोन्याला धरून कोण ठेवणार?"

आठ दिवसांनी गारगोटी घरी आणली. शीर लख्ख दिसत होती. तरी मी शहरात गुलमंडीतल्या सोनाराकडं तिचं वजन केलं. देण्याआधीही गुपचूप केलं होतंच. तीन ग्रॅम कमी भरली. तडक फर्दापूर गाठलं आणि सोनं खरवडलं म्हणून गिऱ्हाइकांसमोर चाचांवर आवाज चढवला.

डब्यातून एक पुरचुंडी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. आत वाळलेली तांबडी माती होती.

"तुमच्याच दगडाची हाय. आता दोन्ही मिळून तोला."

"ही कशाला ठेवलीत?"

"सोनं असलं की माणूस वजन करून परत येतो. तुम्ही नाय येणार वाटलं होतं. तरी ठेवली."

गारगोटी आता दिवाणखान्यात काचेच्या कपाटात असते. पुरचुंडी तिच्यामागं, कुणाला दिसणार नाही अशी. तिचं वजन मी केलेलं नाही.