पिवळा फ्रॉक

ती घटना आठवायला मला डोक्याला ताण द्यावा लागत नाही. कापडाच्या दुकानात पिवळा तागा उलगडला की आठवते. निवृत्त होऊन वर्षं झाली, बाकीच्या केसेस एकमेकींत मिसळून गेल्या. ही नाही मिसळली.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. नाशिकच्या पूर्वेला, द्राक्षबागांच्या पट्ट्यात, एका ठाण्याला मी उपनिरीक्षक होते. दहावी शिकलेली, शिपाई म्हणून भरती झालेली, खात्याच्या परीक्षा देत देत वर आलेली. शाळा कमी झाली, पण माणसाचं मन मला वाचता येतं, असा माझा मोठा समज होता. बाई आरोपी आली की साहेब म्हणायचे, "मॅडमकडे द्या. हात न लावता बोलतं करतात." मला ते ऐकायला फार आवडायचं. खोटं कशाला सांगू?

एका बागेत सुरगाण्याकडून छाटणीला मजूर आले होते. त्यात एक जोडपं. चार वर्षांची मुलगी आणि अंगावर पिणारं एक पोर. एका दुपारी मुलगी दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या विहिरीत सापडली. विहिरीला कठडा नव्हता. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली. मी तेव्हा देवळालीकडे बंदोबस्तावर होते, त्यामुळे प्रेत मी पाहिलं नाही. पंचनाम्यात नुसतं 'अंगावर ओले कपडे' एवढंच लिहिलेलं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. पुरुषाचा आवाज. "ती पोर पडलेली नाय. आईनंच टाकलीय. पिवळ्या फ्रॉकातल्या पोरीला ओढत विहिरीकडं नेताना मी डोळ्यांनी बघितलंय." नाव विचारलं तर फोन ठेवून दिला. मुलगी हरवली त्याच्या आदल्या संध्याकाळी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालेलं, हे मजुरांच्या पालावर सगळेच सांगत होते. साहेब म्हणाले, "आणा तिला. मॅडम, तुम्ही घ्या."

बावीस-तेवीसची असेल. तीन दिवस झोपलेली नव्हती, हे डोळ्यांवरून कळत होतं. मी तिला खुर्चीवर बसवलं. चहा दिला, भाकरी दिली, कडेवरच्या पोराला वाटीतून दूध पाजलं. आमचे लेखनिक हवालदार कार्बन लावत म्हणाले, "मॅडम, ही चौकशी चाललीय का माहेरपण?"

"तुम्ही लिहा हो," मी म्हटलं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पोरीचं काय झालं गं?"

"माझ्याच पायी गेली, बाय."

आता मला कळतं की पोर गेलेली कुठलीही आई हेच म्हणते. तेव्हा मात्र मी कान टवकारले. "म्हणजे भांडणाचा राग होता तुझ्या डोक्यात?"

"व्हय."

"रागात तिला विहिरीकडं नेलीस?"

मी पाठीवरून हात फिरवत राहिले. "बोल, घाबरू नको. मी आहे ना."

"व्हय, बाय."

"पिवळा फ्रॉक होता ना अंगात?"

इतका वेळ तिची मान खाली होती. या प्रश्नाला तिनं वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. आणि म्हणाली, "व्हय. पिवळा."

फोनवरच्या माणसानं सांगितलेली खूण पटली, बांध फुटला, असं मला वाटलं. पुढचं सगळं सुरळीत झालं. हाताला धरून नेलीस? व्हय. आसपास कुणी नव्हतं? व्हय. ढकललीस? व्हय. हवालदारांनी नेहमीच्या साच्यात जबाब उतरवला: 'मी रागाच्या भरात माझी मुलगी, जिच्या अंगात पिवळ्या रंगाचा फ्रॉक होता, हिला हाताला धरून...' शेवटी 'जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' खाली तिचा अंगठा.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून तिला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे नेलं. त्यांनी सगळं नियमानं केलं. आम्हाला बाहेर काढलं, विचार करायला एक दिवस दिला, मग विचारलं, कुणी मारलं का, धमकावलं का? ती म्हणाली, "नाय साहेब. बायनं पोराला दूध पाजला. लय माया केली." आणि माझ्यापुढे झालेलं सगळं तिनं पाठ केल्यासारखं पुन्हा सांगितलं.

जन्मठेप झाली. पोर काही वर्षं तिच्याजवळ आत राहिलं, मग नियमाप्रमाणे बाहेर द्यावं लागलं. नवऱ्याची बहीण घेऊन गेली. माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा चढला.

माझी मुलगी तोवर पुण्याला विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम.ए.ला होती. रुग्णांच्या मनाचा एक विषय आणि गुन्हे, साक्षी, कबुल्या यांच्या मानसशास्त्राचा दुसरा. घरात पहिलीच इतकं शिकणारी. सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "आई, एखादा खरा जबाब हवाय अभ्यासाला. नावं झाकून दे."

त्या जबाबाची कार्बन प्रत मी घरी ठेवली होती. ठेवायला नको होती, पण अभिमान! कपाटातून काढून, नावंही न झाकता, तिच्या पुढ्यात टाकली. "बघ. तुझ्या प्रोफेसरांना म्हणावं, आमच्या दहावी पास आईनं एक चापट न मारता घेतलाय."

मी कांदे चिरायला बसले. तिनं दोन्ही पानं दोनदा वाचली. मग म्हणाली, "आई, यात तुझे प्रश्न कुठे आहेत?"

"जबाबात प्रश्न कोण लिहितं? उत्तरं लिहायची."

"मग आठवून सांग. भांडणाचा राग हे आधी तिनं काढलं की तू?"

"मी."

तिनं पेन्सिलीनं त्या ओळीवर रेघ मारली. "विहिरीकडे नेली?"

"मी विचारलं, ती हो म्हणाली."

रेघ. "हाताला धरून? ढकललं?"

रेघ, रेघ. मी चिडले. "अगं, पण तिनं मॅजिस्ट्रेटपुढं सांगितलंय. मी तिला फुलासारखी वागवली!"

"तेच तर, आई." तिचा आवाज खाली आला. "झोप नाही, पोर गेलेलं, मनात आधीच अपराधी. अशा माणसाला खाकीतली मोठी बाई माया लावते. तो नाही कसा म्हणेल? याला मारावं लागत नाही. आम्हाला हेच शिकवतात."

"आणि फ्रॉक?"

"फ्रॉक कुणी सांगितला?"

मी विळी बाजूला ठेवली. दोन पानांच्या जबाबात रेघ न मारलेलं उरलं होतं ते तिचं नाव, गाव आणि 'माझ्याच पायी गेली'.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या ठाण्यात जाऊन फाईल काढायला लावली. शवविच्छेदनाचा अहवाल मी पूर्वी वाचला होता, पण मृत्यूच्या कारणापुरता. कपड्यांचा रकाना कुणी वाचतं का? सरकारी वकिलांनी नव्हता वाचला, तिला मिळालेल्या फुकटच्या वकिलांनीही नाही. तिथे डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: खाकी हाफ पँट, पुरुषी सदरा, एक बटण तुटलेलं. फ्रॉक नाही. पिवळं काहीच नाही.

म्हणजे फोन करणाऱ्यानं काही पाहिलंच नव्हतं. त्याचं खोटं माझ्या तोंडून तिच्या तोंडात गेलं आणि तिथून कोर्टात. तो कोण, ते कधीच कळलं नाही. त्या बागेवरून परत येताना मी विहीर पाहिली. चांगला सिमेंटचा कठडा बांधलेला होता. घटनेनंतर आठच दिवसांत बांधला, असं तिथला माणूस म्हणाला.

मी वरिष्ठांना लेखी अहवाल दिला. त्यांनी तो वाचून घडी घालून परत केला. "मॅडम, निकाल लागलाय. तुमची निवृत्ती जवळ आलीय. कशाला?" मुलीच्या प्राध्यापिकांनी मुंबईला एक वकीलबाई गाठून दिल्या. अपील उशिरानं दाखल झालं, मी माझ्याच तपासाविरुद्ध शपथपत्र केलं. तारखा पडत गेल्या. मी निवृत्त झाले, मुलीचं लग्न झालं, तरी तारखा पडत होत्या. शेवटी ती बाई सुटली. निर्दोष. हातात एक पिशवी.

तुरुंगाच्या दाराशी मी एकटीच होते. नवऱ्यानं दुसरं घर केलेलं. मुलगा आत्येला आई म्हणत होता, आत्येनं निरोप धाडला होता, 'पोराला आता काय सांगू नका.' ती बाहेर आली तेव्हा तिचे केस पांढरे झालेले. मला ओळखलं. वाटलं, थुंकेल. तिनं विचारलं, "बाय, सुरगाण्याची यष्टी कुठून सुटते?"

आम्ही स्टँडवर बाकावर बसलो. जो प्रश्न मी इतक्या वर्षांत एकदाही विचारला नव्हता, तो विचारला. "त्या सकाळी पोरीला काय घातलं होतंस गं?"

आणि ती बोलायला लागली. मी मध्ये एक शब्द घातला नाही. सदरा मामाचा होता, बाह्या दुमडून दोऱ्यानं बांधल्या होत्या. चड्डी मालकाच्या घरून मिळालेली. पोरगी म्हणत होती, मला ही पोराची चड्डी नको. दुपारी बाळाला पाजता पाजता हिचा डोळा लागला. तेवढ्यात गेली. दहा-पंधरा मिनिटं ती सांगत होती. तोच तिचा खरा जबाब. लिहून घ्यायला कुणी नव्हतं.

"मग मला पिवळा फ्रॉक का म्हणालीस?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. "तुमी म्हनल्या ना बाय. तिला फ्रॉक कधी घेतलाच नाय आमी. तुमी म्हनल्या, अंगात पिवळा फ्रॉक व्हता. मला बरा वाटला."

गाडी लागली. ती चढली, खिडकीशी बसली, मागे पाहिलं नाही.

आता कधीमधी प्रशिक्षणाच्या पोरापोरींपुढे बोलायला बोलावतात. मी एकच सांगते: जबाबात आधी स्वतःचा प्रश्न लिहा, मग उत्तर. आणि ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे असं वाटतं, तो प्रश्न विचारूच नका. मागच्या खेपेला एकजण उभा राहिला. "मॅडम, असं लिहायचं म्हटलं तर एकेक जबाब दहा पानांचा होईल की!" सगळे हसले.

मी त्याला खाली बसायला सांगितलं. तो बरोबरच बोलत होता. कुणी लिहिणार नाही, हे मला माहीत आहे. मीही लिहिलं नसतं.