खोटं कुंकू

"ॲक्यूट सायकोसिस," मोठे डॉक्टर म्हणाले.

तेव्हा माझ्या आईचा हात गळ्यात बांधलेला होता आणि पारूवहिनीच्या कपाळावर पट्टी होती. दोन्ही जखमा बाबांनी केलेल्या. बाबा बाहेर व्हरांड्यात होडीच्या दोरानं बाकाला बांधलेले होते आणि तोंडात कोंबलेल्या फडक्यातून गुरगुरत होते.

मी अर्थ विचारला. डॉक्टर म्हणाले, "खरं काय आणि भास काय, हे माणसाला कळेनासं होतं. त्यात हे अंगानं दांडगे. उपचारानं उतार पडला तर ठीक. नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात कायमचं ठेवावं लागेल. घरी ठेवलंत तर एक दिवस कुणाचातरी जीव जाईल."

ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. मी रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला पहिला बी.ए. बाबांनी मासळी विकून शिकवलं, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्या दिवशी मुंबईच्या त्या इस्पितळात माझ्या डिग्रीचा उपयोग एवढाच झाला, की कागदावर सही इंग्रजीत केली.

आजाराची सुरुवात समुद्रात झाली. खाडीच्या तोंडाशी आमची होडी उलटली. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. माझा थोरला भाऊ रामा त्यांच्यासोबत होता. डोलकाठी बाबांच्या डोक्यावर आदळली. दुसऱ्या होडीवाल्यांनी त्यांना ओढून काढलं. रामा मिळालाच नाही, त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही.

अलिबागच्या डॉक्टरांनी 'कन्कशन' सांगितलं. म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. "इतक्यात दुसरा धक्का देऊ नका," असंही बजावलं. बाबा शुद्धीवर आले तेव्हा पहिला प्रश्न आला, "रामा कंय हाय?"

आई म्हणाली, "उरणला गेलाय, मिठागरावर. येल."

तेच धरून सगळी आळी बोलू लागली. आणि हे खोटं टिकवायचं म्हणून वहिनीला बांगड्या फोडू दिल्या नाहीत, कुंकू पुसू दिलं नाही. नवरा दर्यात गेलेली बाई घरात सवाष्णीसारखी वावरत होती. रडायचीही बंदी. रडली तर बाबांना कळेल.

थोडे दिवस बाबा रामाला विचारत राहिले. मग विचारायचे थांबले. आम्हाला वाटलं, बरं झालं. माझं ऐका, तोच पहिला वाईट दिवस होता.

एका दुपारी वहिनी जेवण वाढत होती. बाबांनी ताट उडवलं, तिचे केस धरले आणि तळव्यानं तिचं कपाळ घासायला लागले. रक्त येईपर्यंत घासलं. मी आणि शेजारचे दोघे मिळून आवरू शकत नव्हतो. त्यानंतर हे वरचेवर व्हायला लागलं. आई मध्ये पडली तेव्हा तिचा हात पिरगळून मोडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे.

आळीतल्या बायका म्हणाल्या, सुनेनंच काहीतरी केलंय. भगत आणला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, बाबांना वेतानं झोडलं, आणि मग "झाड हिच्यात हाय", म्हणजे भूत हिच्या अंगात आहे, म्हणून वहिनीच्या पाठीवरही वेत ओढले. मी त्याच्या हातातला वेत हिसकून मोडला. तो मला म्हणाला, "मास्तर, बुकं वाचून भूत जात न्हाय." मी म्हणालो, "वेतानंही गेलं नाही, ते बघ." दुसऱ्या दिवशी बाबांना बांधून एस.टी.नं रेवसला आणलं आणि लाँचनं मुंबई गाठली.

वॉर्डात पहिल्यांदा पॅराल्डिहाइड दिलं. हे झोपेचं इंजेक्शन. त्याचा वास माणसाच्या श्वासाला दिवसभर येत राहतो. मग ई.सी.टी., म्हणजे डोक्याला विजेचा झटका. तेव्हा भूल न देताच देत. दातांत रबर, चार माणसं हातपाय दाबून, आणि बाबांचं शरीर धनुष्यासारखं वर. मी बघायचा हट्ट धरला होता. बघितलं, आणि बाहेर येऊन भिंतीला धरून उभा राहिलो. भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राची घोषणा रंगवलेली होती, तीच पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

झटक्यांनी बाबा गप्प झाले. आम्ही देवाचे आभार मानले. रविवारी आई वहिनीला घेऊन भेटायला आली. वहिनी दारात दिसताच बाबांनी खाटेवरून झेप घेतली. पुन्हा केस, पुन्हा कपाळ. चार वॉर्डबॉयनी त्यांना गुडघ्यांनी दाबून धरलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेर बघू. मग वेड्यांच्या इस्पितळात कायमचं दाखल करायचं का, ते ठरवू."

त्याच सुमारास दळवी आले. ते डॉक्टर नव्हते. परदेशात शिकून आलेले कौन्सेलर, म्हणजे रुग्णाशी बोलून त्याला वाट काढायला मदत करणारे. आता 'समुपदेशक' असा शब्द ऐकू येतो. वॉर्डातले लोक त्यांना 'बोलणारे दळवी' म्हणत आणि हसत. मीही हसलो. बोलून बरं व्हायचं असतं तर आमचा कोळीवाडा कधीच आजारी पडला नसता.

त्यांनी पहिल्यांदा दोर सोडायला लावला. बाबा जमिनीवर बसलेले, म्हणून तेही जमिनीवर बसले. "मी दळवी. तुम्हाला बोलायचं नसेल तर मी नुसता बसतो," म्हणाले, आणि खरंच नुसते बसले. हे काही दिवस चाललं.

मी त्यांना बाहेर गाठलं. "काय वाटतं तुम्हाला?"

"त्यांच्यामागं त्यांच्याविषयी मी बोलत नाही. चला आत, त्यांच्यासमोर विचारा."

"अहो, मी बी.ए. आहे. मला सांगायला हरकत नाही."

"बी.ए. असलात तरी," ते म्हणाले.

एका सकाळी बाबांनी जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भांडं उचलून त्यांच्या तोंडावर हाणलं. भुवई फाटली. सदरा रक्तानं भरला. वॉर्डबॉय दोर घेऊन धावले. दळवींनी त्यांना अडवलं आणि बाबांना म्हणाले, "मला लागलंय. रागही आलाय. आज मला नीट बोलता येणार नाही. उद्या याच वेळी येतो."

दुसऱ्या दिवशी आले. बाबा बराच वेळ त्यांच्या भुवईकडे बघत होते. मग म्हणाले, "टाकं पडलं?"

"पडले."

"दुकतंय?"

"दुखतंय."

"मंग आलास कशाला?"

"येतो म्हणालो होतो."

बाबा म्हणाले, "तू खोटा न्हाय बोलत." रामा बुडाल्यापासून बाबांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं शहाणं वाक्य. त्याचा अर्थ मात्र मला कळला नाही. दळवींना कळला असावा.

पुढच्या रविवारी आई आणि वहिनी आल्या. दळवींनी बाबांना विचारलं, "तुमच्या सुनेशी बोलू का? जे बोलणं होईल ते तुमच्या कानावर घालणार." बाबांनी मानेनं हो म्हटलं. बाहेर बाकावर दळवींनी वहिनीला विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवंय?"

लग्न झाल्यापासून तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही. ती पदराचं टोक पिळत राहिली.

"मना कुकू पुसायचाय," ती म्हणाली. "मना रडायचाय."

आईनं चांगल्या हातानं तिच्या थोबाडीत मारली. तरी ती सांगत गेली. मासळी सुकत घालायला अंगणात जाताना ती कुंकू पुसायची, कारण बायका टोमणे मारायच्या, 'मेल्याच्या नावानं मिरवते.' घरात शिरताना उंबऱ्याशी पुन्हा लावायची. आणि बाबांची खाट अंगणाच्या खिडकीशी होती.

रोज त्यांनी हे पाहिलं होतं. बाहेर पुसलेलं कपाळ, आत लावलेलं कपाळ. आणि सगळं घर सांगत होतं, रामा उरणला आहे.

"सांगितला तं मरंल तो," आई म्हणाली.

"मरणार नाहीत अशी हमी मी देत नाही," दळवी म्हणाले. "पण न सांगून काय झालं, ते तुमच्या हाताकडं बघा. आणि हे मी सांगणार नाही. ज्या घरानं खोटं सांगितलं, त्या घरानंच खरं सांगायचं."

आईला ते झेपेना. मीही पुढे झालो नाही. वहिनीच उठली.

ती बाबांच्या पुढ्यात हातभर अंतरावर बसली. दोर नाही, इंजेक्शन नाही. वॉर्डबॉय दाराशी, दळवी दारात आडवे उभे. वहिनीनं पदर तोंडात भिजवला आणि कुंकू पुसलं. "मामा, ते उरणला न्हाय गेलं. ते दर्यान गेलं."

बाबांनी दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं. वॉर्डबॉय पुढे सरसावले, दळवींनी दाराची चौकट सोडली नाही. मला वाटलं, आता मान मोडणार.

"मना ठाव व्हता," बाबा ओरडले. "त्याचा हात माझ्या हातान व्हता! मीच सोरला! आनि तुमी सगली बोलता, उरणला. मना येडा केला!"

त्यांनी तिचं डोकं सोडलं आणि तो उजवा हात खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटायला सुरुवात केली. बोटं मोडली, तरी आपटत होते. तेव्हा दळवी धावले आणि त्यांनी बाबांना मिठी मारली. बांधायची मिठी नव्हती ती. बाबा त्यांच्या खांद्याला चावले, आणि तसेच तोंड खुपसून रडायला लागले. मग वहिनी रडली. मग आई.

ते तिथल्या तिथं बरे झाले असं मी सांगणार नाही. हात प्लास्टरमध्ये होता. मध्ये एकदा त्यांनी खिडकीची काच फोडली. दळवी रोज ठरल्या वेळी येत राहिले. "मी हात सोडला का?" असं बाबा विचारत. दळवी एकदाही 'नाही' म्हणाले नाहीत. म्हणत, "मला माहीत नाही. मी तिथं नव्हतो. लाट किती मोठी होती, सांगा." आणि बाबा लाट सांगत. रोज थोडी जास्त. कायमचं दाखल करायचा कागद शेवटी भरावा लागला नाही.

घरी आल्यावर रामाचा दर्भाचा पुतळा करून किनाऱ्यावर अग्नी दिला. बाबांनीच दिला, वाकड्या राहिलेल्या हातानं. वर्ष उलटल्यावर वहिनीचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, त्यांनीच लावून दिलं. नावं ठेवणाऱ्या बायकांना त्यांनी जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही.

परवाच्या वादळात आळीतली एक होडी परतली नाही. त्या घरात बायका जमल्या होत्या आणि होडीवाल्याच्या बायकोला सांगत होत्या, "येल गो, येल, मुरूडला लागली असंल होरी." बाबा काठी टेकत गेले. मी मागून. ते खुर्चीवर बसले नाहीत, तिच्यासमोर जमिनीवर बसले.

ती म्हणाली, "काका, येतील ना वो?"

सगळ्या बायका बाबांकडे डोळे वटारून बघत होत्या.

"मना ठाव न्हाय, बाय," बाबा म्हणाले. "मी हितंच बसलो हाय."