लॅबवाल्याच्या चपला

कराडच्या आमच्या दवाखान्यात रिपोर्ट मावशी आणतात. वाईट रिपोर्ट मात्र लॅबवाला स्वतः घेऊन येतो. त्यामुळे जिन्यात त्याच्या चपला वाजल्या की आम्ही सिस्टर हातातलं काम सोडून दाराकडं बघतो.

विष घेतलेला आटपाडीकडचा एक पोरगा तिसऱ्या दिवशी उठून बसला. तिकडं मेंढरं खोळंबलेली, म्हणून त्याच्या मामानं लगेच जीप दारात लावली. तेवढ्यात चपला वाजल्या.

"आवं मामा, रक्तात दिसतंय, ह्येचं स्नायू आतनं विरघळाय लागल्यात. काळजालाबी मार बसलाय. न्हेऊ नगा."

"कागदाचं काय सांगताय? पोरगं भाकरी खातंय की!"

एरवी मान वर न करणाऱ्या त्या माणसानं मामाच्या हातातली जीपची चावी काढून घेतली आणि तो सरळ लॅबमध्ये निघून गेला. मामा दिवसभर शिव्या देत होता, पण बिगर चावीचा जाणार कुठं?

मग रोज सकाळी रक्त घ्यायला हाच यायचा. पोराच्या पोटऱ्या हळूच दाबून बघायचा.

सहाव्या दिवशी दुपारी जिन्यात चपला वाजल्या. एव्हाना मामालाही त्यांचा अर्थ कळला होता. तो पोराच्या खाटेपाशी जाऊन बसला.

लॅबवाल्यानं वाकून त्याच्या हातावर चावी ठेवली.

"उतरलं सगळं. न्या आता."