टीव्ही मोठा की रंग खरा

आमच्या जुन्या बत्तीस इंची टीव्हीच्या मधोमध एक उभी हिरवी रेघ आली. दोन महिने आम्ही ती चालवून घेतली. बातम्या देणाऱ्या बाईच्या बरोबर नाकावरून जायची. मग रेघेच्या उजवीकडचं सगळं काळं झालं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, उरलेल्या अर्ध्यात क्रिकेट बघायचे. धावत येणारा बॉलर दिसायचा. पुढे काय झालं ते लोकांच्या ओरडण्यावरून ओळखायचं. एकदा आउट होऊन गेलेला खेळाडू अजून खेळतोच आहे, असं धरून त्यांनी तीन ओव्हर काढल्या. तेव्हा म्हणाले, "आता नवा आना. अन् आनाल तं मोठाच आना."

मोठा म्हणजे पंचावन्न इंची. मामाजींनी आयुष्यभर ट्रक चालवला. समोर भली मोठी काच असल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी नाचणगावात घरीच ब्लाउज शिवते. माझ्या गिऱ्हाइकांचं सगळं मालिकेवर चालतं. "काल मोठ्या सुनेनं घातलता ना, तस्साच पाह्यजे," असं सांगून बाई मोकळी होते. तो रंग नेमका कोणता, गळ्यावर जरी आहे की टिकल्या, हे मला दिसायला नको का? माझं म्हणणं, टीव्ही लहान चालेल, पण चित्र स्वच्छ हवं. नवरा पुलगावात नोकरीला, तो म्हणाला, "तुमी दोघं ठरवा. मले फक्त उचलाले सांगा."

खरं सांगायचं तर सासूबाई गेल्यापासून मामाजी आणि मी फारसं बोलतच नव्हतो. भांडण काही नव्हतं, विषयच नव्हता. जेवायला बसा, चहा ठेवलाय, एवढंच. टीव्हीमुळे आम्हाला भांडायला का होईना, विषय मिळाला.

एका दुपारी मी हातशिलाई करत बसले होते. मामाजींनी माझा टेप उचलला, पेपरची रद्दी आणली आणि भिंतीवर पंचावन्न इंचांचा टीव्ही चिकटवायला घेतला. त्यांनी पंचावन्न इंच उंची धरली. मग त्या मानानं रुंदी वाढवत गेले. कागद बटणांच्या बोर्डावरून गेला, कॅलेंडरवरून गेला आणि स्वयंपाकघराच्या दारावर जाऊन थांबला.

"मामाजी, मी पोळ्या कराले जाऊ कुठून?"

"थांब ना, अंदाज तं येऊ दे."

संध्याकाळी नवरा आला. भिंतीकडे पाहत त्यानं डबा खाली ठेवला. "बाबा, हा टीवी हाय का टॉकीजचा पडदा? इंच तिरपे मोजतेत. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

मी आधी तोंडातली टाचणी काढली आणि मग हसले. मामाजी मुळीच ओशाळले नाहीत. "तिरपं मोजाचं होतं तं आधी सांगाचं! ट्रक मोजते का कोनी तिरपा?"

रविवारी आम्ही तिघं वर्ध्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन टीव्ही शेजारी शेजारी लावले. एक पंचावन्न इंची, साधा. दुसरा त्रेचाळीस इंची, पण चित्राला एकदम चांगला. किंमत जवळपास सारखीच. दोन्हींवर पोपट उडत होते. पोपट काय, कुठल्याही टीव्हीवर छानच दिसतात. मी पिशवीतून कापडाचे दोन तुकडे काढले, एक राणी गुलाबी, एक मोरपंखी. मोबाइलवर त्यांचे फोटो काढले आणि म्हटलं, "दादा, हे दोन्हीवर लावून दाखवा."

मोठ्यावर राणी चक्क लाल झाला आणि मोरपंखी निळा. लहान्यावर जो रंग हातात, तोच पडद्यावर.

"ताई, कापड घेऊन टीवी पाहाले आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाह्यलं," दुकानदार म्हणाला.

मामाजींना रंगांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी क्रिकेट लावायला सांगितलं आणि मोठ्यासमोर स्टूल ओढून बसले. दोन चेंडू पाहिले. तिसऱ्याला पुढे वाकले.

"बॉलले शेपूट काऊन आलं?"

खरंच आलं होतं. चेंडूमागे पांढरा फराटा ओढला जात होता. शेजारच्या लहान्यावर चेंडू चेंडूसारखाच गोल जात होता. मामाजींनी निकाल दिला, "बॉडी मोठी हाय, पन इंजिनात दम नाई. लहानाच घ्या."

मी जिंकले होते. पण दुकानातून निघण्याआधी मनात आलं, घरी आपण बसतो तेवढ्या अंतरावरून बघू. माझं शिलाईचं मशीन खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीशी. मी पावलं मोजत फ्रिजच्या रांगेपर्यंत मागे गेले आणि वळले. तिथून लहान्यावरच्या बाईचा गळा जरीचा की टिकल्यांचा, काही कळेना. मोठ्यावर निदान आकार तरी दिसत होता.

"मामाजी, मोठाच घेऊ."

"आता? मी लहाना म्हनून राह्यलो तं तू मोठा म्हनते?"

मग बाजू बदलून आम्ही पुन्हा भांडलो. नवरा एका वॉशिंग मशीनच्या खोक्यावर जाऊन बसला. दुकानदारानं चहा मागवला.

चहा पिता पिता मामाजींनी विचारलं, "तू इतक्या दूर बसते कायले?"

"उजेड खिडकीपाशी हाय. अन् टीवीजवळ तुमची खाट हाय."

त्यांनी उरलेला चहा संपवला. मग कप ठेवत म्हणाले, "दिवसभर तू तठी, मी अठी. खाट सरकवता येते ना बाई. मशीनवर एक लाइट लावून देऊ."

त्रेचाळीस इंची घेतला. नवऱ्यानं ठरल्याप्रमाणे उचलला. मामाजींनी स्वतः खाट भिंतीला लावली आणि माझं मशीन तिच्या शेजारी आलं. पहिले काही दिवस कठीण गेले. शेवटच्या ओव्हरला मशीनचा आवाज नको म्हणून मामाजी हात वर करायचे, मी काजं-बटणं हातात घ्यायची. हळूहळू त्यांनाही मालिका कळायला लागली. आता मोठ्या सुनेवर माझ्यापेक्षा त्यांचाच जास्त राग.

मागच्या महिन्यात मी कणीक मळत होते, तर बाहेरून हाक आली, "ये लवकर, गळा आला!" मी पोचेपर्यंत जाहिरात लागली. पण मामाजींनी लग्नपत्रिकेच्या पाकिटावर पाठीचा गळा काढून ठेवला होता. गळा गोल, बरा होता. फक्त नाडीची गाठ मालिकेत असते तशी वाटेना. अशी गाठ मी कुठल्याच ब्लाउजवर पाहिली नव्हती.

"हे काय हो, मामाजी?"

"ताडपत्री बांधाची गाठ हाय. अशीच बांधजो. नागपुरापासून अमरावतीपर्यंत सुटत नाई."

मी तशीच बांधली. गिऱ्हाईक बाईनं आरशात पाठ वळवून वळवून पाहिली आणि बहिणीसाठी आणखी एक सांगून गेली.