फाट्यापर्यंतची जीप

संजयचा फोन आला तेव्हा मी हर्सूलच्या घरी मेथी निवडत बसले होते. "आत्या, दादा गेले," एवढंच तो बोलला आणि मी त्याच्यावरच खेकसले, "गेले म्हणजे कुठं गेले? दम लागतो त्याला, एकट्याला सोडलंच कशाला?" पलीकडून भाच्याचं हुंदके देणं ऐकू आलं तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. माझा थोरला भाऊ... तो मला न सांगता कुठं जाईल, हे आता महिना उलटून गेला तरी मनाला पटत नाही. भाऊबीजेला देवगाव रंगारीच्या मळ्यात गेले होते, तीच शेवटची भेट. निघताना त्याला चार पावलं टाकायची तर दोनदा थांबावं लागत होतं. तरी म्हणालाच, "मंदे, थांब. गाडी काढतो." संजय डोक्याला हात लावून हसला, मी रागावले, पण दादानं कधी कुणाचं ऐकलंय?

ही गाडी म्हणजे आमच्या आबांची जीप. निजाम हरला त्या पोलीस ॲक्शननंतर छावणीत फौजेच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यात वडिलांनी ती उचलली. साऱ्या पंचक्रोशीत तेवढी एकच गाडी. आबा ती स्वतः धुवायचे, स्वतः तेल घालायचे, दुसऱ्या कुणाला चाकाला हात लावू द्यायचे नाहीत. मी लहान होते तेव्हा मला बॉनेटवर बसवून म्हणायचे, "ह्या पोरीला मी ह्याच गाडीतून सासरी वाटं लावणार." पुढं आबाच अचानक गेले आणि जीप गोठ्याशेजारी तशीच उभी राहिली. पेट्रोल इतकं महागलं होतं की ती चालवणं कुणालाच झेपत नव्हतं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी दादाला एकच मागितलं. दागिना नको, भारी शालू नको, मला आबांच्या जीपमधून सासरी जायचंय. दादा म्हणाला, "जाशील. आबाचा शब्द हाय तो."

तेव्हा पेट्रोलच्या गाड्यांना डिझेलचं इंजिन बसवून घ्यायची टूम निघाली होती. संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, शहागंजला गफूर मिस्त्री म्हणून एक बडं प्रस्थ होतं. पांढराशुभ्र कुर्ता, तोंडात पान, स्वतः खुर्चीत बसून नुसत्या बोटानं कामं सांगायचे. दादा त्यांच्याकडं गेला आणि तोंड वाकडं करून परत आला. मिस्त्री म्हणाले होते, "गाडी छोड के जाओ पाटील, शादी के पैले दुल्हन बना के देतूं. लेकिन तुम बीच में हात नक्को लगाना." बस, तिथंच बिनसलं! पैशाचा सवाल नव्हता, आईनं तर पैसे काढूनही ठेवले होते. पण आबांच्या गाडीला परका हात लावणार आणि आपण दूर उभं राहून बघायचं, हे दादाला सोसेना. "त्यात काय येवढं? इंजिन काढायचं, इंजिन बसवायचं. मी काय बांगड्या भरल्यात?" नुकतीच मळ्यात वीज आली होती, विहिरीवर मोटार बसली होती आणि पाणी उपसायचं जुनं डिझेल इंजिन रिकामं पडलं होतं. दादानं तेच जीपमध्ये घालायचं ठरवलं. आई म्हणाली, "अरे, पाणी उपसायचं यंत्र त्ये, रस्त्यावर धावंल का?" दादा म्हणाला, "माय, तू पुरणाचं बघ."

मग काय विचारता! लग्नघरी लोक मांडव घालतात, आमच्याकडं वाफ्यात नट-बोल्ट पसरलेले. इंजिन उंच निघालं म्हणून बॉनेट कापलं. पाया बसेना म्हणून नांगराचा जुना लोखंडी पट्टा ठोकून घातला. हळदीच्या दिवशी नवरीचे हात पिवळे आणि नवरीच्या भावाचे काळे. मी रोज जाऊन विचारायची, "दादा, होईल ना रे?" आणि तो गाडीखालूनच ओरडायचा, "व्हय गं, जीव खाऊ नको!" रात्र रात्र झोप नव्हती मला. त्याची जिद्द मी ओळखून होते, त्याचा हात मात्र ओळखून नव्हते. लग्नाच्या सकाळी ते इंजिन एकदाचं धडधडलं. गियर टाकून बघायला कुणाला सवड होती? वऱ्हाड फाट्यावर येऊन ठेपलं होतं. दादानं जीपला झेंडूच्या माळा घातल्या. वर मिस्त्रींनाही जेवायला बोलावलेलं, नाक खाली करायचं होतं ना त्यांचं!

पाठवणीची वेळ झाली. आम्ही नवरा-नवरी मागं बसलो, आई रडायला लागली, दादानं ऐटीत पहिला गियर टाकला... आणि जीप सुसाट मागं गेली, ती थेट कडब्याच्या गंजीत! दादानं दुसरा टाकला, तर आणखी आत. सगळा मांडव हसत होता. मिस्त्री तर पान थुंकायलाही विसरले. "पाटील, इंजन उल्टा घूमता ना ये!" तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. विहिरीवर इंजिन ते पंप असा जो पट्टा होता, त्याला आबांनी एक पीळ घातलेला होता. इंजिन उलटं फिरतं, पंप सुलटा फिरावा म्हणूनच तो पीळ. आम्ही सगळ्यांनी तो पट्टा वर्षानुवर्षं पाहिलेला, दादानं तर स्वतःच्या हातानं सोडवून ठेवलेला, पण तो पीळ कशासाठी हे कुणाच्या मनातही आलं नाही. "अब रिवर्स डालो," मिस्त्री म्हणाले, "तुमारा आगे का वोइच एक गियर."

दादानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "मंदे, आबाचा शब्द घालवला गं मी..." मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "दादा, गाडी आबांची आहे आणि मी हिच्यात बसले आहे. चालव." त्यानं मागचा गियर टाकला. जीप पुढं निघाली, ती बैलाच्या चालीनं. त्याच्या वर एक पाऊल नाही. मग आई जीपची दांडी धरून शेजारी चालू लागली. मागोमाग चुलत्या, मैत्रिणी, सगळं गाव. मिस्त्रीसुद्धा बॉनेटला कान लावून चालले होते. आईनं एका हातानं माझा हात धरला होता तो फाट्यापर्यंत सोडला नाही. वाटेत बाभळीखाली ती दम खायला थांबली, तर दादानं जीपही थांबवली. सासूला काय म्हणायचं, जावेशी कसं वागायचं, सगळं सांगून झालं, सांगायचं संपलं तेव्हा नुसती बघत राहिली. मी मनसोक्त रडले. रडणं संपलं तरी फाटा आला नव्हता, मग हसूही आलं. गाडी नीट असती तर दोन मिनिटांत धुरळ्यात दिसेनाशी झाले असते मी. फाट्यावर वऱ्हाडाची बस उभी होती. तिथून पुढं बसनं गेलो, पण माहेर सोडलं ते आबांच्या जीपमधूनच.

पुढं दादानं ट्रॅक्टर घेतला, मोटारगाडी घेतली, त्यांची सगळी कामं मुकाट मिस्त्रींकडून करून घेतली. दोघांची दोस्तीही झाली लई. मिस्त्री दर ईदला शीरखुर्मा पाठवायचे आणि निरोपही, "वो जीप लाओ पाटील, सीधी कर देतूं." दादानं ती कधी नेली नाही. तेल-पाणी करून ठेवायचा आणि मी माहेरपण संपवून निघाले की काढायचा. मळा ते फाटा, बाकी कुठंच नाही. वैताग यायचा मला, बस चुकायची. "अरे, पायी लवकर पोचेन मी!" तो म्हणायचा, "बस गप. तुला घालवायची घाई हाय का मला?"

दिवसकार्य आटोपल्यावर संजय जीपजवळ उभा होता. म्हणाला, "आत्या, शहरात एक जण आहे, जुन्या जीपांना नवं इंजिन बसवून देतो. एकदम मक्खन चालेल. देऊ का त्याला?" मी म्हटलं, "तुझ्या बापाला विचार." तोंडून सवयीनं गेलं ते... मग त्यानं मला सोडायला त्याची नवी गाडी काढली. काचा बंद, आत गारवा, खड्डासुद्धा जाणवत नाही. आबांची विहीर, कडब्याची गंजी, आई जिथं दम खायला थांबली होती ती बाभूळ, सगळं सरसर मागं गेलं. मी पदर डोळ्यांना लावते न लावते तोच संजय म्हणाला, "आत्या, फाटा आला."

"मागं घे रे गाडी," मी म्हटलं. "जीप काढ. माझं रडून झालं नाही अजून."